राहाता परिसरातील कर्जमुक्तीचा इतिहास : सावकारी रोख्यापासून सातबाऱ्यावरच्या बोज्यापर्यंत

गोदावरी आणि प्रवरा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, राहाता तालुका वसला आहे. गोदाकाठी पुणतांबा, प्रवरेच्या बाजूला लोणी, मध्ये राहाता आणि शिर्डी अशी त्याची ठळक गावे. तालुका म्हणून राहाता अलीकडचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो वेगळा झाला. त्याआधी राहाता कोपरगाव तालुक्यात आणि लोणी श्रीरामपूर तालुक्यात मोडत असे. शेतकऱ्याला कर्जातून बाहेर काढण्याचे जे मोठे प्रयत्न महाराष्ट्रात झाले, त्यांतले बहुतेक या एका पट्ट्यात घडले किंवा त्याला लागू झाले. १८७९ चा कर्जनिवारण कायदा या जिल्ह्यासह चार जिल्ह्यांसाठी झाला, १९२३ मध्ये लोणीत पतपेढी निघाली, १९५० मध्ये तिथेच सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि २०१७ मध्ये कर्जमाफीसाठीचा शेतकरी संप पुणतांब्यातून सुरू झाला. हे टप्पे क्रमाने पाहिले, तर कर्ज कशाने वाढते आणि कशाने फिटते, याचे बरेचसे उत्तर हाती लागते.

रोख सारा, रोखे आणि न्यायालय

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि अहमदनगरचा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. पुढच्या काही दशकांत इथे रयतवारी पद्धत बसली. प्रत्येक शेताची मोजणी झाली, प्रत बांधली गेली, तीस वर्षांसाठी सारा ठरला. हा सारा रोखीने आणि ठरलेल्या हप्त्याला भरायचा होता. पीक बुडो की पिको, हप्ता चुकवता येत नसे. घरात धान्य असले तरी नाणे नसे, आणि नाणे सावकाराच्या पेढीवरच मिळे.

सावकार त्याआधीही होता. पण कर्ज वसूल करायचे, तर त्याला पाटलाच्या आणि गावाच्या संमतीने चालावे लागे. गावाच्या मनाविरुद्ध कुणाची जमीन काढून घेणे सोपे नव्हते. नव्या व्यवस्थेत जमीन खातेदाराच्या नावावर लागली, म्हणजे ती गहाण ठेवता आणि विकता येऊ लागली. जोडीला दिवाणी न्यायालय आले. ऋणको हजर राहिला नाही, तर एकतर्फी हुकूमनामा होई. तालुक्याच्या गावी जाण्याचा खर्च, वकिलाची फी आणि लिहिता-वाचता न येणे, यांमुळे बहुतेक कुळे, म्हणजे कर्जदार शेतकरी, हजर राहतच नसत. रोख्यावर अंगठा उठवला की त्यात काय लिहिले आहे ते विचारण्याची सोय उरत नसे.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने गुंता आणखी वाढला. साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. जुन्या हिशेबावर सावकाराने वर्षानुवर्षे दावा लावू नये, हा त्यामागचा हेतू. परिणाम उलटा झाला. मुदत संपण्याआधी सावकार कुळाला बोलावी, साचलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि नवा रोखा करून घेई. दरमहा दर शेकडा दोन रुपये व्याजाने घेतलेले शंभर रुपये धरले, तर तीन वर्षांत व्याज ७२ रुपये होते आणि नवा रोखा १७२ रुपयांचा होतो. सहाव्या वर्षी तो २९५ रुपयांच्या पुढे जातो, नवव्या वर्षी ५०८ रुपयांच्या. हातात पडले ते पहिले शंभर रुपयेच. हिंदू धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम, म्हणजे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येणार नाही हा दंडक, मुंबई इलाख्यात मानला जात असे. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवे लिहिले गेल्यावर तो दंडक लागू करायचा कशाला, असा प्रश्न उभा राहिला. धान्याच्या कर्जावर सवाई-दिडीचा रिवाज होता. पेरणीला एक मण नेले, तर सुगीला सव्वा किंवा दीड मण घालायचे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात भारतीय कापसाला अपूर्व भाव आला. दख्खनमध्ये पैसा खेळू लागला, जमिनीची किंमत वाढली आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपताच भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमारास पहिल्या तीस वर्षांच्या साऱ्याची मुदत संपत आली आणि फेरआकारणीत सारा चढला. उत्पन्न उतरलेले, सारा वाढलेला आणि तेजीतले रोखे तसेच उभे, अशी स्थिती १८७० नंतर दख्खनच्या बऱ्याच भागात झाली.

१८७५ : रोख्यांची होळी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि काही दिवसांत तो अहमदनगर जिल्ह्यात पसरला. पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांतल्या गावांत जमावाने सावकारांची घरे गाठली. त्याआधी काही गावांत सावकारांवर बहिष्कार पडला होता. त्यांची जमीन कसायची नाही, त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, न्हाव्याने-परटाने त्यांचे काम करायचे नाही, असे गावकऱ्यांनी ठरवले होते.

या उठावाचे वैशिष्ट्य सरकारी चौकशीतही नोंदले गेले. जमावाला हवे होते ते रोखे, खते आणि हुकूमनामे. ते हवाली केले की बहुतेक ठिकाणी जमाव पांगे. देण्यास नकार मिळाला तरच मारहाण आणि जाळपोळ होई. आपले कर्ज कागदावर वाढते आहे, हे निरक्षर शेतकऱ्याने नेमके ओळखले होते. उठाव बहुतांशी मारवाडी आणि गुजर सावकारांविरुद्ध होता, कारण नव्याने आलेला आणि गावाशी जुना संबंध नसलेला धनको तोच होता. तरीही सगळीकडे संबंध वैराचेच होते, असे म्हणता येत नाही. राहाता ही आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ होती. तिथले चंद्रभान शेठ मारवाडी आणि त्यांचे पुतणे खुशालचंद यांच्याशी शिर्डीच्या साईबाबांचा घरोबा असल्याचे ‘श्रीसाईसच्चरित’ सांगते. व्यापारी पेठ आणि खेडे यांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले होते. कुळाला पेरणीच्या तोंडाशी दुसरे कुणी पैसे देत नव्हते, हेही तितकेच खरे होते.

१८७९ चा कायदा : हिशेब मुळापासून

दंग्यांच्या कारणांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला, तोवर १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला होता. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. राहाता त्या वेळी ज्या तालुक्यात होते, तो कोपरगाव तालुकाही त्याच्या कक्षेत आला.

या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाण्याचा अधिकार दिला. रोख्यावर किती आकडा लिहिला आहे एवढे पाहून न थांबता, पहिल्यांदा किती पैसे दिले गेले, कोणत्या दराने व्याज लावले, मध्ये किती परतफेड झाली, हा हिशेब मुळापासून मांडायचा. अवाजवी व्याज वगळायचे. आणि उरलेले देणे ऋणकोच्या ऐपतीप्रमाणे हप्त्यांनी फेडण्याची मुभा द्यायची. कर्जासाठी कैद बंद झाली. स्पष्ट गहाण नसलेली जमीन साध्या कर्जापोटी विकण्यावर बंधन आले. रोखे गावनिबंधकापुढे नोंदवणे आवश्यक झाले, म्हणजे मजकूर वाचून दाखवला जाऊ लागला. मुदत वाढवल्यामुळे दर तीन वर्षांनी रोखा नवा करण्याची निकडही संपली.

या कायद्याखालच्या न्यायालयांची तपासणी करण्याच्या कामावर महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली होती आणि त्यासाठी ते या चार जिल्ह्यांत फिरले. शेतकऱ्याला नुसते संरक्षण पुरत नाही, त्याला स्वस्त पतपुरवठाही हवा, हा विचार त्या काळी पुण्यात मांडला जात होता. सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना तयार केली होती, पण लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती फेटाळली. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे शिक्षणाच्या अभावापासून सरकारी कारभारापर्यंत मांडली.

कायद्याची मर्यादा लवकरच दिसली. हिशेब तपासला जाईल म्हटल्यावर सावकारांनी हात आखडला. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि पैसे परत आले तर जमीन परत देण्याचे तोंडी वचन द्यायचे, ही पळवाट रूढ झाली. जुने कर्ज कमी झाले, पण पुढच्या हंगामाचे बी, बैल आणि चारा कुठून आणायचा, हा प्रश्न तसाच राहिला. कायद्याने शेतकऱ्याच्या हातातला कागद दुरुस्त केला. त्याच्या हाती भांडवल दिले नाही.

कालवे, ऊस आणि गुळाची उचल

विसाव्या शतकाच्या आरंभी या पट्ट्याचे रूप पालटले. गोदावरीवर नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून कालवे निघाले आणि त्यांना दारणा धरणाचे पाणी मिळाले. प्रवरेवर भंडारदरा धरण बांधले गेले. १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ज्वारी-बाजरीच्या रानात उसाचे मळे उभे राहिले. पुढे राहात्याचा पेरू नावाजला तोही याच पाण्यावर.

पाणी आल्याने कर्ज संपेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते वाढले. कोरडवाहू शेतकऱ्याला बी आणि बैल एवढ्यासाठी कर्ज लागे. आडसाली ऊस मात्र दीड वर्ष रानात उभा राहतो. त्याला बेणे, पेंड, मजुरी, पाणीपट्टी असा सततचा खर्च असतो आणि शेवटी गुऱ्हाळ लावावे लागते. हा पैसा गुळाच्या अडत्याकडून उचल म्हणून येई. उचल घेतली की गूळ त्याच्याच अडतीवर घालायचा, भाव तो सांगेल तो, आणि त्यातून अडत, हमाली, तोलाई आणि व्याज वजा होऊन जे उरेल ते हाती. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव घसरले तेव्हा कालव्याखालचा बागायतदार कोरडवाहू शेतकऱ्याहून अधिक खोल कर्जात सापडला. ऊस त्याचा होता, पण विक्रीचा भाव आणि कर्जाचा दर, दोन्ही एकाच माणसाच्या हातात होते.

लोणीची पतपेढी आणि प्रवरानगरचा कारखाना

सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ मध्ये झाला आणि १९१२ मध्ये तो विस्तारला. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली आणि दख्खनच्या कालव्यांवरच्या ऊस बागायतदारांना कर्ज देण्याचे काम तिने हाती घेतले. विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी स्थापन केली, ती या वातावरणात.

पतपेढीची कल्पना साधी होती. एकेकट्या शेतकऱ्याला सावकार पठाणी व्याजाने पैसे देतो, कारण त्याच्या एकट्याच्या शब्दाला पत नसते. गावातले शेतकरी एकमेकांना जामीन राहिले, थोडे भागभांडवल त्यांनी स्वतः घातले आणि वरची बँक त्यांच्यामागे उभी राहिली, तर कमी व्याजाचा पैसा गावात येतो. त्यातून सावकाराचे महाग कर्ज फेडायचे आणि पतपेढीचे स्वस्त कर्ज हप्त्याने फेडायचे. कर्ज तेवढेच राहिले, तरी त्याचा भार उतरतो. शिवाय ज्याने कर्ज दिले तो शेजारी असतो. पैसा लग्नात गेला की उसात गेला, हे त्याला दिसते.

पण पतपेढीने गुळाचा भाव बदलत नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बागायतदारांमध्ये स्वतःचा साखर कारखाना काढण्याचा विचार बळावला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी त्याला सैद्धांतिक बैठक दिली, सहकाराचे जाणते वैकुंठभाई मेहता त्या वेळी मुंबई राज्याचे अर्थमंत्री होते आणि विठ्ठलरावांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. ज्यांना सावकाराने लुबाडले होते, त्यांना पुन्हा पैसे मागायचे आणि ते बुडणार नाहीत अशी खात्री द्यायची, हे काम सोपे नव्हते. कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ झाले, उपाध्यक्ष विठ्ठलराव. १९५०-५१ च्या हंगामात लोणीजवळच्या प्रवरानगरात गाळप सुरू झाले. सहकारी तत्त्वावर यशस्वी झालेला महाराष्ट्रातला हा पहिला साखर कारखाना. १९६१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू तिथे आले. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली.

कर्जाच्या दृष्टीने कारखान्याने मोठा बदल केला. कारखाना सभासदाचा ऊस घेई, उसाचे बिल काढी आणि गावच्या सहकारी सोसायटीच्या पीककर्जाचा हप्ता बिलातूनच परस्पर कापून बँकेला पाठवी. कर्ज देणारी संस्था आणि माल घेणारी संस्था एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि दोन्ही सभासदांच्या मालकीच्या होत्या. अडत्याच्या उचलीतही हीच जोडणी होती. फरक एवढाच की आता भाव आणि व्याजदर ठरवणाऱ्यांत शेतकरी स्वतः बसत होता. पुढे राहाता परिसरातच गणेशनगरला दुसरा सहकारी कारखाना निघाला आणि प्रवरानगरचा नमुना राज्यभर गेला.

याच काळात गाडगीळ ज्या समितीवर होते, तिच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये आला. ग्रामीण कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून आणि सहकारी संस्थांकडून जेमतेम ३ टक्के येते, असे तिला आढळले. पन्नास वर्षांच्या सहकारानंतरचा हा आकडा देशाला खडबडून जागे करणारा ठरला. सरकारने सहकारी संस्थांच्या भांडवलात भागीदारी करावी आणि पतपुरवठा, विक्री व प्रक्रिया यांची सांगड घालावी, ही शिफारस त्यातूनच पुढे आली. लोणीच्या अनुभवाचा आणि या शिफारशीचा आशय एकच होता.

कायद्याने पुसलेली कर्जे

सहकार वाढत असताना जुनी कर्जे कायद्यानेही कमी केली गेली. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये शेतकरी ऋणको साहाय्य कायदा झाला आणि १९४७ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. शेतकऱ्याची एकूण कर्जे एकत्र मांडायची, त्याची फेडण्याची ऐपत पाहून ती कमी करायची आणि वार्षिक हप्ते बांधून द्यायचे, ही त्याची पद्धत. १९४६ च्या सावकारी कायद्याने सावकाराला परवाना, नोंदवही आणि पावती सक्तीची केली व व्याजावर मर्यादा घातली.

सर्वांत कठोर पाऊल १९७५ मध्ये पडले. २२ ऑगस्ट १९७५ च्या वटहुकमाने आणि त्यानंतरच्या महाराष्ट्र ऋणमुक्ती कायद्याने अत्यल्पभूधारक, ग्रामीण कारागीर, भूमिहीन मजूर आणि कमी उत्पन्नाचे कामगार यांच्यावरची सावकारी कर्जे पूर्णपणे रद्द झाली आणि तारण ठेवलेल्या वस्तू परत करण्याचा आदेश निघाला. सावकारांनी त्याला आव्हान दिले, पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. २०१४ मध्ये राज्याने सावकारीवर नवा नियमन कायदा केला. बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद त्यात आहे.

सोसायटी, सातबारा आणि नवं-जुनं

आज राहाता तालुक्यात शेतकरी ‘सोसायटी’ म्हणतो, तेव्हा त्याला गावची विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी अभिप्रेत असते. पैसा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडून येतो, सोसायटी तो सभासदाला देते, सचिव हिशेब ठेवतो आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा चढतो. कोणत्या पिकाला एकरी किती कर्ज, हे जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. देणे फिटले की बेबाकीचा दाखला मिळतो आणि बोजा उतरतो.

मुदतीच्या आत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्र आणि राज्य या दोघांच्या व्याजसवलती मिळून व्याज शून्यावर येते. देशातले सर्वांत स्वस्त कर्ज म्हणावे असे हे कर्ज आहे. ते न थकवण्यासाठी गावोगाव ‘नवं-जुनं’ चालते. मार्चअखेर जवळ आली की शेतकरी नातेवाइकाकडून, दूध डेअरीकडून किंवा गावातल्या एखाद्या पैसेवाल्याकडून आठ-पंधरा दिवसांसाठी रक्कम उचलतो, सोसायटीत भरतो, खाते निल करतो आणि नवे कर्ज मंजूर झाले की त्यातून ती हातउसनी रक्कम परत करतो. कागदावर शेतकरी नियमित फेड करणारा ठरतो, सोसायटीची वसुली दिसते, व्याजसवलतही मिळते. पण देणे जिथल्या तिथे राहते, आणि त्या पंधरा दिवसांचे व्याज खासगी दराने जाते. एखाद्या वर्षी नवे कर्ज वेळेत मिळाले नाही, तर शून्य टक्क्यांचे कर्ज फेडण्यासाठी घेतलेली रक्कम महिन्याला तीन-चार टक्के व्याजाने अंगावर बसते. पीक हाती आल्यावर मूळ रकमेतला काही भाग खरोखर कमी करणे, हाच यातून सुटण्याचा मार्ग असतो.

कर्जमाफ्या आणि पुणतांब्याचा संप

केंद्र सरकारने १९९० मध्ये १० हजार रुपयांपर्यंतची कर्जमाफी दिली. २००८ मध्ये दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना थकीत कर्जाची पूर्ण माफी आणि त्यावरच्यांना ७५ टक्के भरल्यास २५ टक्के सूट मिळाली. जमिनीच्या क्षेत्रावर आधारलेल्या या अटीमुळे कोरडवाहू भागातला दहा एकरांचा गरीब शेतकरी बाहेर राहिला आणि पाटाच्या पाण्याखालचा चार एकरांचा बागायतदार आत आला, ही टीका तेव्हापासून होत आली.

एप्रिल २०१७ मध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेने संपावर जाण्याचा ठराव केला. त्यामागे २०१६ आधीच्या दोन वर्षांचा दुष्काळ होता, २०१६ च्या चांगल्या पावसानंतर पडलेले शेतमालाचे भाव होते आणि नोव्हेंबर २०१६ मधली नोटाबंदी होती. जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाल्याने सोसायट्यांचा व्यवहारच ठप्प झाला होता. १ जून २०१७ पासून शेतकऱ्यांनी शहरांकडे जाणारे दूध आणि भाजीपाला अडवला. दोनच दिवसांनी, ३ जूनच्या पहाटे, मुख्यमंत्र्यांशी झालेल्या बैठकीनंतर संप मागे घेतल्याची घोषणा झाली. अनेक शेतकऱ्यांनी ती मान्य केली नाही आणि आंदोलन राज्यभर चालू राहिले. ११ जूनला सरकारने कर्जमाफीचे तत्त्व मान्य केले. २४ जून रोजी जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज माफ झाले, नियमित फेडणाऱ्यांना २५ टक्के, पण २५ हजारांच्या मर्यादेत, प्रोत्साहन मिळाले आणि एकूण बोजा ३४ हजार २२ कोटींचा सांगण्यात आला. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेने ही मर्यादा दोन लाखांवर नेली. जून २०२२ मध्ये पुणतांब्यात पुन्हा धरणे आंदोलन झाले.

पुणतांब्याच्या मागण्यांत कर्जमाफीच्या जोडीला उत्पादन खर्चावर आधारित हमीभाव आणि दुधाचा दर होता. हे महत्त्वाचे आहे. १९२३ मध्ये पतपेढी निघाली आणि पुढे कारखान्याची गरज पडली ती ज्या कारणाने, त्याच कारणाने २०१७ चे शेतकरी भाव मागत होते. माफीने खाते कोरे होते, बँकेचे दार पुन्हा उघडते आणि आत्महत्येच्या काठावरच्या कुटुंबाला श्वास घेता येतो. म्हणून संकटात ती आवश्यक ठरते. मात्र खर्च आणि उत्पन्न यांतले अंतर तसेच राहिले, तर तीन-चार हंगामांत बोजा पुन्हा चढतो.

कार्डावरचे कर्ज

१९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड आले. दर हंगामाला नवा अर्ज न करता ठरलेल्या मर्यादेत पैसे काढायचे आणि भरायचे, ही त्यातली सोय. त्याच सुमारास शहरांत, आणि पुढे राहाता-शिर्डीसारख्या गावांतही, नोकरदार आणि दुकानदारांच्या खिशात बँकांची साधी क्रेडिट कार्डे आली. नाव सारखे असले, तरी दोन्ही कर्जांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

क्रेडिट कार्डाचे पूर्ण बिल वेळेत भरले, तर व्याज लागत नाही. ‘किमान देय रक्कम’ भरली, तर दंड टळतो, पण उरलेल्या रकमेवर दरमहा तीन ते पावणेचार टक्के व्याज चालू होते. एक लाख रुपये थकीत असताना साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज ३,५०० रुपये होते, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ६३० रुपये. ग्राहकाने पाच हजार रुपये भरले, तर मुद्दलातून ८७० रुपयेच कमी होतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज आकारण्यास मनाई केली आणि किमान रक्कम अशी ठरवण्यास सांगितले, की थकबाकी वाढत जाणार नाही. तीन वर्षांनी नवा होणाऱ्या रोख्यावर १८७९ मध्ये जे बंधन आले, त्याच जातीचे हे बंधन आहे. व्याजाच्या दरावर मात्र मर्यादा नाही. ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

या कर्जातून बाहेर पडण्याचे मार्गही या पट्ट्याला जुने आहेत. आधी नवा खर्च कार्डावर टाकणे थांबवावे लागते. मग सगळ्या देण्यांचा, त्यांच्या दरांसह, एक हिशेब कागदावर मांडावा लागतो. त्यातले सर्वांत महाग कर्ज पगारदारांच्या पतसंस्थेच्या किंवा बँकेच्या कमी व्याजाच्या, ठरलेल्या हप्त्यांच्या कर्जात बदलून घेता येते. १९२३ मध्ये लोणीच्या शेतकऱ्यांनी सावकाराच्या बाबतीत हेच केले होते. शेवटी हप्ता पगारातून परस्पर वळता करावा, जसा तो उसाच्या बिलातून वळता होत असे. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खाते बंद केले, तर त्याची नोंद पतइतिहासात राहते आणि पुढचे कर्ज अवघड होते, हेही लक्षात घ्यावे लागते.

दीडशे वर्षांच्या या इतिहासात कर्ज खऱ्या अर्थाने हलके झाले, ते तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा : हिशेब मुळापासून उघडा झाला, महाग कर्जाच्या जागी स्वस्त कर्ज आले आणि उत्पन्न कमावणाऱ्याच्या हाती राहिले. यांतली एकच गोष्ट झाली तेव्हा कर्ज काही काळ कमी झाले आणि पुन्हा वाढले. पुढच्या कोणत्याही कर्जमुक्ती योजनेची, सरकारी असो वा घरगुती, परीक्षा या तीन कसोट्यांवर व्हायला हवी.